मुक्कामाच्या गाडीची हाक

सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाचं जेवण उरकलं, आम्ही बायका मागल्या दारी भांडी घासायला बसलो, तेव्हा माझी एक चुलत नणंद सरकत सरकत माझ्या शेजारी आली. हातातलं पातेलं उगाच तिसऱ्यांदा घासत म्हणाली, "काय गो, काकीनं तुझ्यासाठी काय ठेवलं?"

तिचा डोळा काकीच्या कानातल्या कुड्यांवर होता, हे मला ठाऊक होतं. त्या कुड्या सासूबाईंनी हयातीतच स्वतःच्या लेकीला देऊन टाकल्या होत्या, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ठेवलं की. तुझ्या कानावरपण पडलंय ते." तिनं स्वतःचे कान चाचपून पाहिले. मला हसू आवरेना, आणि अशा दिवशी हसले म्हणून ती रुसली. अजून रुसलेलीच आहे. रुसू दे. तिला जे तेव्हा सांगितलं नाही ते इथं सांगते.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आमचा पाडा किन्हवलीच्या पुढं, एका टेकाडाच्या पोटाशी. पंचवीस-तीस घरं, आमची बौद्धांची वरच्या अंगाला, बाकीची खाली. पाड्याच्या पायथ्याशी फाटा. फाट्यावर ना शेड, ना बाक, नुसता एक मैलाचा दगड, तोही आडवा पडलेला. सकाळी शहापूरला जायला तिथून एकच एस्टी, मुक्कामाची. म्हणजे ती संध्याकाळी आतल्या गावात जाते, तिथंच झोपते आणि उजाडताना परत निघते.

कागदावर तिचा टाइम सव्वासहाचा आहे. कागदावर माझं वजनही पन्नास किलो आहे. आतल्या गावात कुणाची म्हातारी चढायला वेळ लावते, कुणाची भाजीची पाटी आत घ्यायची असते, कधी ड्रायव्हरला चहा मिळतो, कधी नाही मिळत. चहा मिळाला नाही की गाडी लवकर येते. त्यामुळं ती सहाला येईल की पावणेसातला, हे तिचं तिलाच माहीत नसतं. आणि सकाळच्या वेळी फाट्यावर पाऊण तास उभं राहायला सवड कुणाला आहे? भाकरी थापायच्या असतात, पाणी भरायचं असतं, गुरांचं बघायचं असतं. पोरींना तर उघड्या रस्त्यावर उभं राहायला नकोच वाटतं.

पण गाडी समोरच्या डोंगराच्या वळणावर आली की तिचे दिवे दिसतात. आणि ते वळण अख्ख्या पाड्यात एकाच जागेवरून दिसतं. आमच्या ओट्याचा उजवा कोपरा, शेवग्याच्या अलीकडं. तिथून गाडी डोंगर उतरते, ओढ्यावरचा पूल ओलांडते आणि फाट्यावर येते. तेवढ्या वेळात माणूस बशीतला चहा संपवून, चपला घालून, दाराला कडी लावून खाली पोचतो. पळावं लागत नाही.

तर आत्या रोज चुलीवर पाणी ठेवायच्या आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहायच्या. दिवे दिसले की पहिली हाक, "दिसलीऽऽऽ!" गाडीनं पूल ओलांडला की दुसरी, "पूल सोडलाऽऽऽ!" या दोन हाका सगळ्यांच्या. तिसरी हाक मात्र ज्याच्या त्याच्या मालकीची. "अरं ए, डबा घेतलास काय? काल इसरलास!" "बूट हातात घे नि पळ!" "तुमी खोकत खोकत निघा, पन निघा!" आणि खालच्या घरातल्या एका पोरीला रोज, न चुकता, "अगो, वेणी गाडीत घाल गोऽऽ!"

ती पोरगी शहापूरला अकरावीला होती. केस हे एवढे लांब, आणि ते विंचरायला सकाळ पुरायची नाही. मी तिला वेणीवालीच म्हणायची. पाड्यात कुणाचं पोट साफ होत नाही हेसुद्धा मला लग्नानंतर चार दिवसांत कळलं, ते या तिसऱ्या हाकेमुळंच.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळची गोष्ट तर पाडा अजून एकमेकांना सांगतो. मी गाढ झोपेत, आणि बाहेर "दिसलीऽऽऽ!" मला वाटलं, घर पेटलं. न्हाणीतली भरलेली बादली उचलून मी तशीच ओट्यावर धावले आणि कुठं ओतू, कुठं ओतू करत गोल फिरले. खालून सगळी माणसं फाट्याकडं निघालेली, ती थांबून वर बघायला लागली. आत्यांनी माझ्याकडं नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "ठेव ती खाली. आन् उद्यापास्नं जरा लवकर उठ."

मला त्या हाकेची लाज वाटायची. माझं माहेर मुरबाडकडचं, आमच्या दारातून सिद्धगड दिसतो. दिसायला डोंगर एवढा मोठा, पण त्याच्याखाली आमच्या घरात बाईमाणसानं आवाज चढवायचा नाही असा दंडक. बहिणीला बोलवायचं तरी जवळ जाऊन बोलवायचं. माझी जीभ लांब, पण आवाज इवलासा. विहारात वंदनेला मी मागल्या रांगेत नुसते ओठ हलवायची. आत्या पुढं बसायच्या, आणि त्यांचं "सरणं गच्छामि" खालच्या फाट्यापर्यंत जायचं. लोक म्हणायचे, तुमच्या घरात सासूला स्पीकर आणि सुनेला म्यूट दिलंय.

एकदा मी न राहवून म्हटलं, "आत्या, आपल्या घरातलं त्या गाडीनं जातं कोण? तुमचा लेक आटगावला कंपनीत, तो पाचलाच मोटारसायकल काढतो. मग तुम्ही कशाला रोज घसा फोडता?"

आत्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "मना दिसते. त्यांना नाय दिसत. मंग सांगाया नको?"

एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी मोठी कहाणी निघेल, कधीतरी कुणाची गाडी चुकली आणि काय काय झालं वगैरे. काही नाही. बाईला दिसायचं म्हणून बाई सांगायची. माझं समाधान झालं नाही. मी मनात म्हटलं, दिसतं तर मलाही, म्हणून मी काय गावभर बोंबलत सुटू?

माझे शब्द असे मलाच चावायला येतील हे तेव्हा कुठं माहीत!

दोन वर्षांपूर्वी, भात पिकायला आलं होतं त्या दिवसांत, आत्यांच्या गळ्याला गाठ आली. ठाण्याला ऑपरेशन ठरलं. नवरा त्यांना घेऊन गेला, मी घर सांभाळायला मागं. काळजी होतीच, ती नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी निवांत झोपले. सासू नाही, हाक नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

सात वाजता ओट्यावर पावलं वाजली. दार उघडते तो अर्धा पाडा पुढ्यात. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका खांद्याला पिशवी लावून, वेणीवाली ड्रेस घालून, दोघं कामावर जाणारे डबे घेऊन. मला वाटलं, आत्यांची चौकशी करायला आले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

काका म्हणाले, "वहिनी, गाडी नाय का दिसली अजून?"

सात वाजलेले! गाडी सहा-वीसला फाट्यावर येऊन, हॉर्न देऊन, मोकळी निघून गेली होती. आणि ही सगळी माणसं आपापल्या घरात तयार होऊन, चपला पायात घालून, पिशव्या मांडीवर घेऊन हाकेची वाट बघत बसली होती. खिशात मोबाइल, भिंतीवर घड्याळ. मी विचारलं, "अहो, हॉर्न नाही ऐकला?"

"आयकला की."

"मग?"

"हाक नाय आली ना. मना वाटलं, दुसरी कुठली गाडी असंल."

दुसरी कुठली? त्या वेळेला त्या रस्त्यानं दुसरी गाडी गेल्याचं कुणाच्या आज्यानं पाहिलं नव्हतं. आणि आत्या ठाण्याला गेल्यात हे सगळ्यांना माहीत होतं, निरोप द्यायला हीच माणसं तर फाट्यावर आली होती. बाई गेली हे पक्कं ठाऊक, पण हाक येणार नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सगळे धसक्यानं साडेपाचलाच फाट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ड्रायव्हरला नेमका चहा मिळाला होता. गाडी आली पावणेसातला. तोवर दोन घरांत डाळ करपली, एका घरात वासरू सुटून सगळं दूध पिऊन गेलं, आणि त्यावरून नवरा-बायकोची जुंपली ती वेगळीच.

तिसऱ्या दिवशी काकांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. काका स्वतः आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात मोबाइल धरून उभे. दिवे दिसले, काकांनी "बस दिसली" टाकलं, शेजारी एक बसचं चित्र आणि दोन गुलाबाची फुलं. आमच्या पाड्यात रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं तर मिळते. दुपारी बारा वाजता, कोण शेतात, कोण कामावर, कोण वर्गात असताना, सगळ्यांच्या खिशात टुंग झालं, बस दिसली. वेणीवालीला सरांनी बाहेर उभं केलं. ती त्या दिवशी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून कशीबशी पोचली होती.

इथवर गंमत होती. पण चौथ्या दिवशी ती एकटीच धावत जाऊन गाडीला पोचली, तेव्हा कंडक्टर तिला म्हणाला, "तुमच्या फाट्याला हल्ली मोकळीच वळवावी लागते. सोमवारी डेपोचे साहेब स्वतः गाडीत बसून येणार आहेत बघायला. माणसं नसली तर गाडी मेन रोडनं सरळ काढणार, इकडं वळणार नाय."

ती संध्याकाळी माझ्याकडं आली. तोंड एवढंसं झालेलं. तिच्या बापानं सांगून टाकलं होतं, गाडी बंद तर कॉलेज बंद. रोज रोज सोडायला कोण जाणार? मेन रोड चार किलोमीटर, तोही झाडीतून. घरी बस आणि लगीन कर. बाप वाईट नाही हो तिचा. पण अशा वेळी बापांना दुसरं काही सुचतच नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमी हाक मारा ना."

मी म्हटलं, "माझ्यानं नाही व्हायचं गं. माझा आवाज आमच्याच मांजरीला ऐकू जात नाही."

"मंग माजं काय?"

रात्रभर विचार करून मी एक डोकं चालवलं, आणि माझ्या त्या डोक्याचं पुढं काय झालं ते ऐका. मी ठरवलं, ओरडायचं कशाला? ताट वाजवू. सकाळी गाडीचे दिवे दिसले, मी स्टीलचं परातीएवढं ताट घेतलं आणि पळीनं दणादण बडवलं. आवाज असा घुमला की मलाच माझं कौतुक वाटलं.

आता मी मूळची शेतातली असून हे विसरावं? पिकलेल्या भाताच्या दिवसांत आमच्याकडं ताट वाजलं की एकच अर्थ. रानडुकरं शेतात घुसली!

सगळी दारं धाडधाड उघडली. काठ्या निघाल्या, बॅटऱ्या निघाल्या, कुणी दिवाळीचे फटाके काढले, आणि सगळा पाडा फाट्याच्या बरोबर उलट्या दिशेला, शेतांकडं धावत सुटला. मी ओट्यावरून "अहो, गाडी! गाडी!" म्हणते आहे, ते कुणाला ऐकू जाणार? वेणीवालीसुद्धा कॉलेजच्या ड्रेसवर, हातात काठी घेऊन धावली, कारण पहिलं शेत तिच्याच बापाचं. तिकडं हे सगळे "हुर्रे, हो हो" करून डुकरं शोधतायत, इकडं फाट्यावर गाडीनं हॉर्न दिला, आणि गेली.

काकांच्या पायात काटा घुसला. परत येऊन सगळे ओट्यावर बसले आणि हसून हसून लोळले. मीही हसले. मग बघितलं, तर वेणीवाली पायरीवर बसून काठीनं माती उकरत होती, आणि टपटप रडत होती. माझं हसू तिथंच विरलं. मला स्वतःचा इतका राग आला की ते ताट मी आत जाऊन माळ्यावर फेकलं.

रविवारी आत्या घरी आल्या. गळ्याला पट्टी. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने आवाज चढवायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आहे तोही आवाज कायमचा जाईल. ज्या बाईचा आवाज फाट्यापर्यंत जायचा, ती हातवारे करून पाणी मागत होती. बघवत नव्हतं. पाडा भेटायला आला आणि पाच मिनिटांत सगळी कहाणी त्यांच्या कानावर घातली, डुकरांसकट. आत्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडं बघून एकदाच कपाळावर हात मारून घेतला. तेवढं पुरे होतं.

मग ओट्यावर माझी शिकवणी सुरू झाली. काका म्हणाले, पोटातून काढा. कुणी म्हणालं, नाकातून काढा. वेणीवालीच्या आईनं गूळ-सुंठीची गोळी आणली. मी उभी राहून म्हटलं, "दिसली हो." एक म्हातारी म्हणाली, "बाय, च्याला बोलावतंस काय?"

सोमवार उजाडला तो धुक्यात. मी कोपऱ्यात जाऊन उभी राहिले तर वळण सोडा, हाताशी असलेला शेवगासुद्धा दिसेना. आत्या मफलर गुंडाळून माझ्या मागं येऊन उभ्या. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "आत्या, आता? दिसतच नाही काही!"

आत्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. मीही डोळे मिटले. कोंबडा आरवला. कुणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली. मग माझ्या मनगटावर बोटं आवळली गेली. मला काही ऐकू आलं नव्हतं. कान टवकारले, आणि लांबून, धुक्याच्या आतून, गुर्रर्र झालं. वळणावर ड्रायव्हर गिअर बदलतो त्याचा आवाज. म्हणजे इतकी वर्षं ही बाई नुसती बघत नव्हती तर!

मी तोंड उघडलं. घशातून काही निघालं नाही. एक सेकंद, दोन सेकंद. आणि माझ्या शेजारी आत्यांनी खोल श्वास घेतला. मी बघितलं, त्यांची छाती भरली, मान वर झाली, पट्टीखालची शीर ताणली. ही बाई हाक मारणार होती! कायमचा आवाज गेला तरी चालेल, पण हाक मारणार होती!

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला, त्यांचा, माझा, त्या साहेबाचा, सगळ्यांचा. आणि त्या रागातच माझा आवाज फुटला.

"दिसलीऽऽऽऽ!"

काही दिसत नव्हतं, पण तेच तोंडात आलं. आवाज फाटका, चिरका, पत्रा ओढल्यासारखा. ओट्याखालचं कुत्रं दचकून उठलं. पण खालून दाराची एक कडी वाजली, मग दुसरी, मग सगळ्या. मग मला कोण आवरणार! "पूल सोडलाऽऽऽ! काका, काटा राहू दे पायात, चालाऽऽ! अगो, वेणी गाडीत घाल गोऽऽऽ!"

ज्यांना जायचं होतं ते तर गेलेच, ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही गेले. काका लंगडत गेले. ती चहाला बोलावतंस म्हणणारी म्हातारी गेली. एक जण बगलेत कोंबडी धरून गेला. वेणीवालीचा बाप कालपर्यंत लेकीला घरी बस म्हणत होता, तोही चढला. नंतर कळलं की गाडीत इतकी दाटी झाली की साहेबांना म्हातारीसाठी उठावं लागलं, आणि शहापूरपर्यंत ते कोंबडीशेजारी उभं राहून गेले. शहापूरला उतरून बिनकामाच्या मंडळींनी वडापाव खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं परत आली. फाट्यावरचं वळण काही कुणी काढलं नाही. गाडी आजही येते, सहा ते पावणेसातच्या मध्ये कधीतरी.

तीन महिन्यांनी आत्या बोलायला लागल्या. आवाज घोगरा झालेला, पहिल्यासारखा नाही, पण होता. माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलाव्यात? "बरी मारतंस हाक. पन लय ताणतंस."

मी म्हटलं, "मग घ्या परत तुमची हाक. मी मोकळी."

"आता तुला दिसते ना?" आत्या म्हणाल्या. "मंग तूच सांग."

पुढं वर्षभर असंच चाललं. आत्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायच्या, मी उभी राहून ओरडायची, आणि तिसऱ्या हाकेचा मजकूर त्या बसल्या जागेवरून पुरवायच्या. "त्याला इचार, गोळ्या घेतल्या काय. तिला सांग, दूध झाकून जा." मी भांडायची, "आत्या, हे कशाला जगजाहीर?" त्या म्हणायच्या, "तू बोल." मी बोलायची. माहेरी गेले की आई म्हणायची, जरा हळू बोल गं, काय झालंय तुला?

गेल्या फेब्रुवारीत आत्या गेल्या. दुपारी जेवल्या, पाटावरून उठताना छातीत कळ आली, शहापूरला पोचेपर्यंत संपलं. संध्याकाळपर्यंत पाहुणे जमले, दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्यविधी. त्या सकाळी सगळा पाडा आमच्या अंगणात होता. धुकं नव्हतं, गाडीचे दिवे स्वच्छ दिसले. हाक मात्र गेली नाही. गाडी फाट्यावर आली, तिनं हॉर्न दिला, थांबली, पुन्हा हॉर्न दिला, आणि गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी मला पाचलाच जाग आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, ती चुलत नणंद माझ्याच शेजारी घोरत होती. मी पडून राहिले. दुःखाच्या घरातून ओरडायचं? माणसं काय म्हणतील, सासूला जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि सून ओट्यावर बोंबलतेय. आज राहू दे. जातील आपले आपण. एक दिवस काही होत नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी या माणसांना ओळखते. ती आपली आपण जाणार नाहीत. हाकेशिवाय निघायचं त्यांना सुचणार नाही, आणि या घरात येऊन "गाडी दिसली का" विचारायची त्यांची हिंमत होणार नाही. आत्ता या क्षणाला ती आपापल्या घरात चपला घालून, पिशव्या मांडीवर घेऊन बसली असतील. आणि त्या दिवशी वेणीवालीचा बारावीचा पेपर होता.

मी उठले. तोंडावर पाणीसुद्धा मारलं नाही. कोपऱ्यात रिकामं स्टूल होतं, ते बाजूला केलं आणि उभी राहिले. वळणावर दोन दिवे दिसले.

"दिसलीऽऽऽ!" मी हाक मारली. आवाज मध्येच फुटला, पण पोचला. खाली एकदम सगळी दारं उघडली. एकसुद्धा दार उशिरा उघडलं नाही. "पूल सोडलाऽऽऽ!" मग तिसरी हाक आली. मजकूर पुरवायला कुणी नव्हतं, पण तो मला पाठ होता. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं ते तसंच ठेवून मी ओरडले, "अगो, वेणी गाडीत घाल गोऽऽ!"

खालच्या घरातून वेणीवाली बाहेर आली, पॅड छातीशी धरून. वर बघून तिनं दोन्ही वेण्या हातात धरून दाखवल्या आणि ओरडली, "पाचलाच घालून बसलेय, वहिनीऽऽ!"

ती पळत खाली गेली. गाडी थांबली, भरली, आणि वळून गेली. मी शेवग्याला धरून चांगली दोन मिनिटं रडले.

आत आले तर नणंद गादीवर उठून बसलेली, केस पिंजारलेले. "काय गो, काय झालं? कशाला वरडलीस सकाळी सकाळी?"

"मना दिसली," मी म्हटलं, "त्यांना नाय दिसत," आणि चहाचं आधण ठेवायला गेले.